देवाकडे पाठ करणारा गुरव

ज्या काळाची मोजदाद आता फक्त भरती-ओहोटीलाच ठाऊक आहे, त्या काळातली ही हकिकत. खाडी जिथे समुद्राला भेटते तिथे निवळखार नावाचे एक गाव होते. गाव आजही आहे, म्हणून तर ही हकिकत सांगता येते. गावात चाळीस उंबरे होते. मधोमध श्रीदेव रवळनाथाचे कौलारू देऊळ होते आणि गावाच्या कडेने, समुद्र आणि भातखाचरे यांच्यामध्ये, मातीचा एक लांब बांध होता. बांधाच्या अलीकडे गोडे पाणी, पलीकडे खारे. अलीकडे अन्न, पलीकडे अथांग. त्या दोहोंच्या मध्ये माणसाच्या हातांनी रचलेली चार हात रुंदीची माती, एवढाच काय तो आधार. निवळखारची माणसे म्हणत, वर देव आहे आणि खाली बांध आहे, मग आपल्याला कशाची चिंता.

त्या देवळात गुणाजी नावाचा गुरव होता. देवाला उठवावे, न्हाऊ घालावे, चंदन उगाळावे, मंडप झाडावा, यातच त्याचे आयुष्य चालले होते. तो देवाशी इतक्या हळू बोले की वाशावर बसलेली चिमणीसुद्धा उडत नसे, असे म्हणतात. त्याच्या हातांना उन्हाळ्या-पावसाळ्यात चंदनाचाच वास येई आणि लहान मुले त्या वासावरून ओळखत की गुरव वाटेने येऊन गेला.

पण गुणाजीचे मोठे काम होते ते कौल लावण्याचे. गावाने काही ठरवायचे झाले की सगळे सभामंडपात जमत. गावचे मानकरी होते बयाजी गावकर. काय विचारायचे ते बयाजी सांगत. मग गुणाजी देवाकडे तोंड करून आणि गावाकडे पाठ करून गाऱ्हाणे घाली. त्याच्या एकेका वाक्यामागे सारा मंडप एका आवाजात म्हणे, "व्हय महाराजा." गाऱ्हाणे संपले की गुणाजी देवाच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या लावी, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी गळाली तर देवाचा होकार. डावी आधी गळाली तर नकार. त्यावर कोणी शब्द काढत नसे. ही रीत गावाला फार सोयीची वाटे, कारण तिच्यात कोणालाही विचार करावा लागत नसे आणि पुढे काही चुकले तर कोणाच्याही माथी दोष येत नसे.

आता एक गोष्ट सांगतो, ती हळूच ऐकावी. कळीला पाषाणावर धरून ठेवते ते पाणी. ज्या कळीला पाणी कमी, ती आधी सुटते. गुरवाच्या बोटांना हे ठाऊक असते, आणि गुरवाच्या बोटांनी ते विसरायचे असते. गुणाजीच्या बोटांनी ते एकदाच आठवले होते.

त्याला सात वर्षे झाली होती. गावाबाहेर वाळूचा एक लांब दांडा समुद्रात गेला होता आणि त्याच्यावर तीन घरे होती. ती माणसे होडी वल्हवत, चिखलातून तिसऱ्या म्हणजे खायच्या शिंपल्या काढत, आणि आपापल्या तीन खाचरांत भात लावत. त्या खाचरांच्या बाहेरून जुना बांध जात होता. त्याला एका पावसाळ्यात भगदाड पडले. ते बुजवायचे तर सगळ्या गावाला कंबर कसावी लागली असती. बयाजींच्या मनात आले की त्यापेक्षा बांधच आत घ्यावा. तीन खाचरे गेली तर गेली. कौलाच्या सकाळी त्यांनी गुणाजीला बाजूला घेतले आणि ते एवढेच म्हणाले, "गुणाजी, देवाक जरा मदत कर."

गुणाजीने उजव्या कळीला पाणी कमी लावले. ती गळाली. मंडप म्हणाला, "व्हय महाराजा." दांड्यावरची तीन माणसे मंडपाच्या शेवटच्या खांबाशी उभी होती. त्यांनीही म्हटले, कारण देवापुढे दुसरे काय म्हणणार. मग ती गेली आणि पुन्हा देवळात आली नाहीत. त्या दिवसापासून गुणाजीच्या हातांचा चंदनाचा वास गेला, असे म्हणतात. लोकांना तो येतच राहिला. फक्त गुणाजीला येईना.

सात वर्षांनी भाद्रपद आला. भात दुधात होते, दाणा अजून भरायचा होता. त्या महिन्याच्या अमावास्येला वर्षातले सर्वांत मोठे उधाण येते, ते ऐन दुपारी येते आणि आभाळ स्वच्छ असतानाही येते. अष्टमीच्या सकाळी कोणी तरी बांधावरून चालत गेले आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. आत घेतलेला नवा बांध फुगला होता. जिथे तिथे खारे पाणी पाझरत होते. अमावास्येला सात दिवस उरले होते. बांध फुटला असता तर त्या वर्षीचे भात गेले असतेच, पण जमिनीत मीठ बसले की तिच्यात तीन-तीन वर्षे पीक उभे राहत नाही. गावाला घरे सोडून जावे लागले असते.

मंडप भरला. बयाजींनी प्रश्न सांगितला, तो जुनाच प्रश्न होता. बांध आणखी आत घ्यावा काय? खालची बारा खाचरे सोडावी काय? ज्यांची ती बारा खाचरे होती ती माणसे माना खाली घालून बसली. गुणाजीने गाऱ्हाणे घातले आणि कळ्या लावल्या. सगळे वाट बघत राहिले. समईतले तेल संपले, पुन्हा घातले, तेही संपले. कळ्या पाषाणावरच होत्या. उजवी नाही, डावी नाही. नवमीला तेच झाले. दशमीला तेच झाले. तिसऱ्या दिवशी कळ्या सुकून पार कागदासारख्या झाल्या, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"देव मुको झालो," मागून कोणी तरी म्हणाले.

"मुको नाय," दुसरे कोणी म्हणाले, "रुसलो."

दशमीच्या संध्याकाळी बयाजी देवळाच्या पायरीवर येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी गुणाजीकडे पाहिले नाही. समुद्राकडे पाहतच ते म्हणाले, "देवाक जरा मदत कर."

एकादशीला गुणाजीने मदत केली. उजव्या कळीला त्याने पाण्याचा थेंबही लावला नाही. कोरडी, खडखडीत कळी त्याने पाषाणाला टेकवली आणि हात काढला. कळी खाली पडायला हवी होती. ती पडली नाही. कोरड्या पाषाणावर कोरडी कळी तशीच राहिली, जणू आतून कोणी तिचा देठ धरला होता. गुणाजी एक पाऊल मागे सरला. मंडपाला काय घडले ते कळले नाही. त्याला कळले. आपली मदत देवाने परत केली, हे त्याला कळले.

लोक गेले. उन्हे माथ्यावर आली. गुणाजी गाभाऱ्याच्या खांबाला टेकला आणि त्याचे डोळे मिटले. मिटले की उघडेच होते, हे त्याला पुढे कधी सांगता आले नाही. त्याने पाहिले की गाभारा रिकामा आहे. पाषाणाच्या जागी ओले वर्तुळ आहे आणि तिथून ओली पावले बाहेर गेली आहेत. तो पावलांमागे निघाला. पावले पहिल्या उंबऱ्याशी थांबली होती, तिथे कोणी तरी बसून उठल्यासारखी जागा ओली होती. पुढच्या उंबऱ्याशीही तसेच. चाळीस उंबरे झाले. मग पावले फुटक्या बांधावरून, चिखलातून दांड्याकडे गेली. तिथे शेवटच्या घराच्या पायरीवर, मांडीवर तिसऱ्यांची ओली पाटी घेऊन, देव बसला होता. त्याचे तोंड नीट दिसत नव्हते. कान मात्र दिसत होते, शंखासारखे, आणि त्यांत समुद्र घुमत होता.

देवाने विचारले, "गुणाजी, इतकी वर्षे तुझे तोंड माझ्याकडे आहे. तुझी पाठ कोणाकडे आहे?"

गुणाजीने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि त्याच्या तोंडात मिठाची चव आली. तो भानावर आला तेव्हा पाषाण जागेवर होता. कळी पाषाणावर होती. गुणाजी उठला, देवळाचे दार उघडेच टाकले आणि ओहोटीच्या चिखलातून दांड्याकडे चालू लागला.

तिथे आवडा म्हातारी गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या काढत होती. शेवटचे घर तिचे होते. तिने मान वर केली नाही.

"देव वाट चुकलो वाटता," ती म्हणाली. "गुरव इलो."

"आवडाआजी, माका तुझ्याकडे कायतरी सांगूचा आसा."

"सांग. पण उभो रवू नको, माझी ओहोटी जाता. हात चालव."

मग गुणाजी चिखलात उतरला. सात वर्षांपूर्वी उजव्या कळीला पाणी कमी लावल्याचे त्याने सांगितले, आणि सांगताना तो तिसऱ्या काढत राहिला.  पाटी अर्धी भरली.

"माका म्हायत होता," ती शेवटी म्हणाली. "मी खांबाकडे उभी होतंय. कळी ओली असली तर गळताना दगडावर रेघ काढता. तुझी कळी सुकीच गळली."

"मग तेव्हा बोललंस कित्याक नाय?"

"माका कोणी विचारला?"

हे ती रागाने म्हणाली नाही, असे म्हणतात. जसे वारा कुठून आहे ते सांगावे तसे म्हणाली. म्हणूनच गुणाजीला ते सोसवेना.

मग तिने कमरेवर हात ठेवला आणि जुन्या बाहेरच्या बांधाकडे बोट केले. तो बांध अजून उभा होता, फक्त त्याला वीस हातांचे भगदाड होते. ती म्हणाली, "दर्याची पयली लाट हो म्हातारो बांध अंगावर घेय. तुमी तो सोडलात, म्हणान आतलो बांध फुगलो. तुमी आत आत सरकतात, दर्या मागसून येता. वीस हात बुजवा. खाली चांगली चिकण माती आसा, माझ्या पायांक म्हायत आसा. पण दोन ओहोटींत व्हायला हवा, आणि सगळ्या घरांचे हात लागतले."

द्वादशीला निवळखारने कधी न पाहिलेले दृश्य पाहिले. गुरव, ज्याने देवळाबाहेर कोणाला कधी काही विचारले नव्हते, तो दांड्यापासून सुरुवात करून एकेका उंबऱ्याशी बसत गेला, भगदाडाचे सांगत गेला आणि विचारत गेला, "तुझा म्हणणा काय?" लोक गोंधळले. गावातल्या पहिल्या घरांतली माणसे म्हणाली, देव सांगेल ते. गुणाजी उठेना. मग एकाने सांगितले की त्याच्या खाचरात पाणी कुठून येते ते त्याला ठाऊक आहे. कुंभाराने सांगितले की भट्टीजवळची माती भिजवून ठेवली आहे, न्यावी. एका विधवेने विचारले की आम्ही बाया पाट्या वाहू, पण तेवढ्या वेळात चूल कोण पेटवणार. गुणाजीने ते सगळे लक्षात ठेवले. कळी मात्र त्याने कोणाकडूनही मागून घेतली नाही; एकेक कळी उद्या स्वतः घेऊन या, असे त्याने प्रत्येक घराला सांगितले. बयाजींच्या दारात तो पोचला तेव्हा दार बंद होते.

त्रयोदशीला मंडप भरला. शेवटच्या खांबाशी दांड्यावरची तीन घरे येऊन उभी राहिली. त्यांना पाहून कुजबुज झाली. बयाजी पुढे आपल्या जागी बसले होते. गुणाजीने देवाला नमस्कार केला, आणि मग तो वळला. त्याने देवाकडे पाठ केली आणि गावाकडे तोंड केले.

"गुरवांनू," बयाजी म्हणाले, "देवाक पाठ?"

"आतापर्यंत गावाक पाठ होती," गुणाजी म्हणाला. "देवानच विचारलान."

मग त्याने भर मंडपात सात वर्षांपूर्वीची कमी पाण्याची कळी सांगितली. कोणी सांगायला लावले ते मात्र सांगितले नाही. तो म्हणाला, बोटे माझी होती. एकादशीची कळीही सांगितली.  गुरवपण जाईल, गाव हाकलून देईल, हे त्याला ठाऊक होते. तो हात जोडून उभा राहिला. कोणी दगड उचलला नाही. शेवटच्या खांबाशी असलेली आवडा तेवढी म्हणाली, "झाला ता झाला. पुढचा बोल, भरती थांबाची नाय."

मग गुणाजीने सांगितले की आज गाऱ्हाणे मी घालणार नाही. एकेक घर पुढे येईल, आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगेल आणि आपली कळी आपल्या हाताने लावील.

माणसे उठली. पाषाणावर कळीशेजारी कळी लागू लागली. कुंभाराने मातीचे सांगितले. विधवेने चुलीचे सांगितले, तेव्हा तीन म्हातारे म्हणाले की भात आम्ही शिजवू, आणि मंडपात हशा पिकला, कारण त्यांतल्या एकाला भाकर थापता येत नव्हती हे सगळ्यांना माहीत होते. आवडाने बाहेरच्या बांधाचे सांगितले. एक जण उठून म्हणाला की दोन ओहोटींत वीस हात होणार नाहीत. दुसरा म्हणाला, खाली माती चांगली असेल तर होतील. वाद झाला, दोघेही बोलले, दोघांचीही कळी लागली. चाळीस झाल्या, एकेचाळीस, बेचाळीस. पाषाण फुलांनी झाकून गेला. पण एकही कळी गळाली नाही.

गुणाजीने मंडपभर पाहिले आणि विचारले, "कोण रवला?"

सगळ्यांच्या माना दांड्यावरच्या माणसांकडे वळल्या. त्यांच्या कळ्या लागल्या होत्या. मग माना हळूहळू फिरत फिरत पुढे आल्या आणि बयाजी गावकरांवर थांबल्या. गावाच्या वतीने ते आयुष्यभर बोलले होते. आपल्या घराच्या वतीने ते कधीच बोलले नव्हते.

बयाजी फार वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांच्या हातात कळी नव्हती. आवडाने आपल्या अंबाड्यातली काढून दिली. ती हातात धरून ते मानकऱ्यासारखे नाही, नुसत्या घरधन्यासारखे उभे राहिले.

"माझा म्हणणा असा," ते म्हणाले. "माका भीती वाटता. दोनदाव भीतीच वाटली. माझी खाचरा मधी आसत, ती वाचतली असा वाटला. मदत कर म्हणान गुणाजीक मीच सांगितलंय." मग त्यांनी कळी लावली.

आणि त्रेचाळीस कळ्या एकदम सुटल्या, असे म्हणतात. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. पाषाणावरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून मंडपात, माणसांच्या पायांपर्यंत त्या वाहत आल्या, आणि पाषाण मोकळा, ओला, लखलखीत दिसू लागला. त्या क्षणी गुणाजीने कळ्या उचलायला हात खाली नेले आणि सात वर्षांनी त्याला आपल्या हातांचा चंदनाचा वास आला. कौल काय मिळाला, असे कोणी विचारले नाही. माणसे पाट्या आणायला घरी धावली होती.

संध्याकाळच्या ओहोटीत एक थर झाला, पहाटेच्या ओहोटीत दुसरा. खुंट ठोकले, पेंढा घातला, माती तुडवली. बयाजींनी आपल्या मोठ्या दाराचा एक पाट, अख्खे एक कवाड, उखडून आणला आणि भगदाडात उभा केला. आवडा चिखलात उभी राहून पायाने जागा दाखवीत होती. "गावकरांनू, जरा डावीकडे. इतकी वर्षा तुमचा ऐकला, आज माझा ऐका." बयाजी डावीकडे सरकले. म्हाताऱ्यांनी भात करपवला आणि गावाने तो करपलेलाच खाल्ला. काम संपता संपता पाटी कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते आहे हे कळेनासे झाले. त्या रांगेत एक हात ओला, थंड आणि पाषाणासारखा जड होता, आणि तो हात कोणाचा ते पाहायला कोणी मान वळवली नाही, असे म्हणतात.

अमावास्येच्या दुपारी उधाण आले. लाट जुन्या बांधाच्या माथ्यापर्यंत चढली, तिथे तिने क्षणभर आत डोकावून पाहिले आणि ती परत गेली. भात उभे राहिले. दांड्यावरची तीन खाचरे पुढच्या तीन पावसाळ्यांनी धुऊन निघाली आणि पुन्हा हिरवी झाली.

गुणाजीचे गुरवपण गावाने काढून घेतले नाही. त्याने पुढे पुष्कळ वर्षे देवाची पूजा केली, पण गाव जमले की तो देवाकडे पाठ करून उभा राही, आणि परगावचा कोणी नाक मुरडू लागला तर म्हणे, "देव मागसून ऐकता." फार म्हातारा झाल्यावर एका भाद्रपदी दुपारी तो बांधावरून चालत दांड्याकडे गेला. परत येताना कोणाला दिसला नाही. त्या संध्याकाळी त्रेचाळीस उंबऱ्यांवर एकेक ओली कळी सापडली, असे म्हणतात.

आता निवळखारात ग्रामपंचायत आहे. तिची पक्की इमारत देवळाच्या शेजारी आहे. दारावर पाटी आहे, आत कपाटे आणि पंखे आहेत. उंबरे दोनशेच्या पुढे गेले आहेत. पण ग्रामसभेच्या आदल्या दिवशी जो सरपंच असेल, बाई असो की बाप्या, तो अनवाणी निघतो, दांड्यावरच्या शेवटच्या घरापासून सुरुवात करतो आणि पायरीवर बसून विचारतो, "तुझा म्हणणा काय?" गावकरांच्या जुन्या घराला आजही दाराचा एकच पाट आहे. दुसरा त्यांनी मुद्दाम बसवलेला नाही. ते घर बंद करता येत नाही.

आणि सभेच्या दिवशी सगळे देवळात जमले, विषय वाचून झाले, हात वर जायची वेळ आली, की निवळखारात लगेच कोणी हात वर करत नाही. गुरवाच्या घराण्यातले जे कोणी असेल ते देवाकडे पाठ करून मंडपात उभे राहते आणि मोठ्याने विचारते, "कोण रवला?" मग सगळे गाव वाट पाहते. मागच्या बाजूने, शेवटच्या खांबाजवळून, दांड्यावरची माणसे उत्तर देतात, "आमी इलाव." त्यानंतरच हात वर जातात.